‘यशस्वी झाला का?’ विचारण्याआधी: सांकारा, कूळकायदा आणि शिरूर-दौंडचे सातबारे

गेल्या महिन्यात शिरूरच्या एसटी स्टँडबाहेर चहा पिताना एका मित्राने मला त्याचं पीएच.डी.चं प्रपोजल दाखवलं. ‘पेट’ सुटलीय, गाईड मिळालाय, आता विषय मंजूर करून घ्यायचाय. विषय असा: बुर्किना फासोमधल्या थॉमस सांकाराच्या क्रांतिकारी समाजवादी सरकारच्या आर्थिक सुधारणांचं मूल्यमापन, 1983 ते 1987. विषय चांगला आहे. पण शेवटच्या पानावर ‘अपेक्षित निष्कर्ष’ या मथळ्याखाली त्याने लिहून टाकलं होतं की सुधारणा यशस्वी ठरल्या. काम सुरू व्हायच्या आधीच निकाल लागलेला.

मी विचारलं, कशावरून? तो म्हणाला, अरे, गव्हाचं उत्पादन हेक्टरी 1700 किलोवरून 3800 किलोवर गेलं ना चार वर्षांत.

हा आकडा तुम्हीही वाचला असेल. सांकारावरच्या जवळजवळ प्रत्येक लेखात तो असतो, आणि प्रत्येक लेख तो दुसऱ्या लेखातून उचलतो. आता जरा थांबून बघा. बुर्किना फासो हा साहेलच्या पट्ट्यातला कोरडवाहू देश. तिथलं मुख्य अन्न ज्वारी आणि बाजरी, म्हणजे आपल्या शिरूरसारखंच. गहू तिथे नावापुरता पिकतो. मग हा आकडा खरा असला तरी तो कोणाच्या ताटाबद्दल बोलतो? आणि तो बाजरीचा म्हणून सांगितला, तर पाबळ-कान्हूरकडच्या कोणत्याही शेतकऱ्याला विचारा की कोरडवाहू बाजरी हेक्टरी अडतीस क्विंटल होते का. तो तुम्हाला चहा पाजेल आणि हसत परत पाठवेल.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. 1983 आणि 1984 ही साहेलमधल्या मोठ्या दुष्काळाची वर्षं होती, 1985 नंतर पाऊस बरा झाला. दुष्काळाचं वर्ष पायाला धरलं की नंतरचं कुठलंही सरकार यशस्वी दिसतं. आपल्याकडे 1972-73 पायाला धरून बघा, 1975 मधली प्रत्येक योजना चमत्कार वाटेल.

याचा अर्थ सांकारा अपयशी ठरला असा नाही, हे मी त्याला तीनदा सांगितलं. लाखो मुलांना काही आठवड्यांत लसी टोचल्या गेल्या, हे झालंच. पण लसीकरण यशस्वी झालं आणि 1984 मध्ये जमिनीचं राष्ट्रीयीकरण यशस्वी झालं ही दोन वेगळी विधानं आहेत, आणि त्यांना वेगवेगळे पुरावे लागतात. चार वर्षांत जमिनीच्या सुधारणेचा निकाल लागतो का, हा तर तिसराच प्रश्न.

मित्र थोडा नाराज झाला. म्हणाला, तुझ्या विषयात असं काही सोपं आहे का? नाहीये. म्हणून हा लेख.

माझा विषय कूळकायदा. शिरूर आणि दौंड, दोन तालुके, 1948 पासून पुढे. मुंबई राज्याचं तेव्हाचं सरकार काही क्रांतिकारी नव्हतं, काँग्रेसचं होतं. मोरारजी देसाई आधी महसूलमंत्री, मग मुख्यमंत्री. पण काळ आठवा. साताऱ्यात नाना पाटलांचं प्रतिसरकार नुकतंच होऊन गेलेलं, शेतकरी कामगार पक्ष मार्क्सवादाची भाषा बोलत होता आणि 1955 मध्ये आवडीच्या अधिवेशनात खुद्द काँग्रेसने समाजवादी धर्तीच्या समाजरचनेचा ठराव केला. ‘कसेल त्याची जमीन’ ही घोषणा क्रांतिकारकांची होती, ती सरकारने कायद्यात आणली. म्हणून क्रांतिकारी सरकारला जो प्रश्न विचारायचा तोच इथेही लागू पडतो: वचन काय होतं, आणि मिळालं काय?

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी कायदा थोडक्यात सांगतो. 1948 च्या कायद्याने खंडाला कमाल मर्यादा घातली, कोरडवाहूला पिकाचा तिसरा हिस्सा आणि बागायतीला चौथा. पुढे ती मर्यादा आणखी खाली आली. कुळाला संरक्षण दिलं. मग 1956 ची दुरुस्ती आली आणि 1 एप्रिल 1957 हा ‘कृषक दिन’ ठरला. त्या दिवशी जे कूळ जमीन कसत होतं ते कायद्याने त्या जमिनीचं मालक मानलं गेलं. किंमत शेतजमीन न्यायाधिकरणाने ठरवायची, आकाराच्या 20 ते 200 पटींच्या दरम्यान. आकार म्हणजे सरकारी सारा, तो इतका किरकोळ असतो की बाजारभावाच्या मानाने जमीन स्वस्तात पडायची. पैसे हप्त्यांनी. सगळे भरले की कलम 32-म चं प्रमाणपत्र. गावात आजही लोक ‘बत्तीस एम झालंय का?’ असंच विचारतात.

आता या कायद्यावर जे लिहिलं गेलंय त्यात सगळ्यात जास्त उद्धृत होणारं काम म्हणजे वि. म. दांडेकर आणि खुदानपूर यांचा गोखले इन्स्टिट्यूटचा अहवाल, 1957 चा. त्यांनी तेव्हाच्या मुंबई राज्यातल्या निवडक गावांत जाऊन 1948-49 ते 1952-53 या काळात कायद्याचं काय झालं ते तपासलं. निष्कर्ष झोंबणारा होता. कुळं जमीन सोडत होती, मालक जमीन परत घेत होते, कुळं बदलत होती, जमिनीची खरेदी-विक्री नेहमीसारखी चालू होती. कायदा आल्याची खूण व्यवहारात दिसतच नव्हती म्हणा ना.

हा अहवाल मला फार आवडतो. सरकारच्या घोषणेवर विश्वास न ठेवता आणि सरकारवर आगपाखडही न करता, गावोगाव जाऊन कोणती जमीन कोणाकडून कोणाकडे गेली एवढंच मोजायचं, ही शिस्त आज किती थिसीसमध्ये दिसते? ‘कुळाने खुशीने जमीन सोडली’ ही नोंद खुशीची असेलच असं नाही, हे त्यांनी आकड्यांच्या जोरावर दाखवलं.

पण या अहवालाचा जो वापर होतो तो मात्र चुकीचा आहे, आणि हे तुम्ही नीट लक्षात घ्या, कारण व्हायवात असले प्रश्न येतात. ‘कूळकायदा अपयशी ठरला (दांडेकर व खुदानपूर, 1957)’ असं वाक्य मी किमान पाच-सहा शोधनिबंधांत वाचलंय. अहवालाचा डेटा 1953 ला संपतो. कृषक दिन 1957 चा. म्हणजे ज्या तरतुदीमुळे कूळ मालक झालं ती तरतूद या अहवालाच्या काळात अस्तित्वातच नव्हती! छापल्याचं वर्ष आणि कायदा बदलल्याचं वर्ष एकच पडल्याने घोटाळा होतो. संदर्भातलं साल हे पुस्तकाचं वय असतं, आतल्या माहितीचं नसतं.

उलट बाजूचेही लोक आहेत. ते कृषक दिनानंतरचे आकडे घेतात: इतकी कुळं नोंदलेली, त्यातली इतकी मालक झाली, म्हणजे इतके टक्के यश. टक्केवारी चांगली दिसते. माझं भांडण या टक्केवारीशी आहे, आणि ते थोडं घरचंही आहे.

माझ्या आजीचे वडील दौंड तालुक्यात, भीमेच्या काठच्या एका गावात, सहा एकरांचे कूळ होते. मालक पुण्यात राहायचे. तलाठ्याकडच्या जुन्या फेरफारात 1951 ची एक नोंद आहे, मी ती स्वतः पाहिली. कुळाने राजीखुशीने कब्जा सोडला, खाली अंगठा. कायद्याप्रमाणे असा राजीनामा लेखी हवा आणि मामलेदारासमोर पडताळलेला हवा. पडताळलेला आहे. कागद अगदी चोख. आजी मात्र सांगायची की त्या वर्षी उभी बाजरी सोडून ते घरी आले आणि दोन दिवस कोणाशी बोलले नाहीत.

आता सांगा, टक्केवारीत हा माणूस कुठे आहे? 1 एप्रिल 1957 ला तो कूळच नव्हता. म्हणजे छेदातच नाही. ज्यांना 1948 ते 1957 या नऊ वर्षांत काढलं गेलं, ते सगळे मोजणीच्या आधीच वर्गाबाहेर गेले. उरलेल्यांपैकी किती पास झाले ते मोजून आपण शाळेचा निकाल चांगला म्हणतो. कायदा येणार येणार म्हणून नऊ वर्षं वाजत राहिला आणि त्या वाजण्यानेच कुळं गेली. हा कायद्याचा परिणाम धरायचा की नाही? मी धरतो. माझे गाईड म्हणतात, धर, पण सिद्ध कर. म्हणून गेली दोन वर्षं मी 1948 पासूनचे फेरफार उतरवून घेतोय. डोळे गेले म्हणा ना, मोडी नसली तरी त्या काळातलं तलाठ्याचं अक्षर म्हणजे वेगळी लिपीच आहे.

छेदाची अजून एक गंमत. ‘कसेल त्याची जमीन’ म्हटलं तरी कायद्याच्या लेखी कसणारा म्हणजे खंड देणारं कूळ. रोजाने राबणारा मजूर कसणाऱ्यांत धरलाच नाही. गावातली बरीच दलित कुटुंबं कुळं नव्हतीच, मजूर होती, त्यांच्या पदरात या कायद्यातून काय पडणार? दादासाहेब गायकवाडांना 1959 मध्ये आणि पुन्हा 1964 मध्ये भूमिहीनांचे सत्याग्रह करावे लागले, ते कृषक दिनानंतर. या एका गोष्टीवरून तुम्हाला कळेल की यशाचा आकडा कोणासाठी काढलाय हे आधी लिहावं लागतं.

आणि मालक म्हणजे सगळे सावकार-जमीनदार असंही नाही. तीन एकर खंडाने देऊन त्यावर जगणारी विधवाही कायद्याच्या भाषेत ‘जमीनमालक’च. कायद्याने विधवा, अज्ञान मुलं आणि अपंग यांच्यासाठी मुदत पुढे ढकलली होती, ते शहाणपणाचं होतं. पण त्यामुळेच पुढे पन्नास-पन्नास वर्षं चाललेले दावे निर्माण झाले. एकाच कलमाला दयाळूही म्हणता येतं आणि पळवाटही.

आता दुसरी बाजू, तीही घरचीच. माझ्या आईचं माहेर शिरूर तालुक्यात. तिथे पणजोबा कूळ होते, टिकले, 1957 ला मालक मानले गेले, हप्ते फेडले, प्रमाणपत्र मिळालं. अकरा एकर. सरकारी तक्त्यात हे कुटुंब शंभर टक्के यश. जमीन पूर्ण कोरडवाहू. 1972 च्या दुष्काळात हे जमीनमालक कुटुंब खडी फोडायला गेलं. बायकाही.

आणि ज्यांची सहा एकर गेली त्या दौंडच्या पणजोबांचा मोठा मुलगा? रेल्वेत गँगमन लागला. दौंड जंक्शन घराजवळ, म्हणून जमलं. 1972 ला त्या घरात पगार येत होता. त्याची मुलं शिकली. पेन्शन मिळालं.

म्हणजे कायद्याच्या निकषावर यशस्वी घर खडी फोडत होतं आणि अपयशी घर पगार खात होतं. दोन घरांवरून सिद्धांत मांडायचा नसतो, हे मला कळतं, माझ्या सॅम्पलमध्ये ही दोन्ही घरं मुद्दाम घेतलेली नाहीत. पण या दोन घरांनी मला एक गोष्ट शिकवली. मालकी मिळणं आणि जगणं सुधारणं ही दोन वेगळी मापं आहेत, आणि प्रपोजलमध्ये कोणतं माप लावणार ते पहिल्या पानावर सांगितलं नाही तर पुढचं सगळं काम हवेत.

हे माप कसं लावायचं याचा एक जुना नमुना शिरूर तालुक्यातच आहे, तो तुमच्यापैकी फार कमी जणांनी वाचला असेल. हॅरॉल्ड मान हे पुण्याच्या शेतकी कॉलेजचे प्राचार्य. त्यांनी आणि कानिटकरांनी जातेगाव बुद्रुक या गावाचा घरोघरी अभ्यास केला आणि 1921 मध्ये पुस्तक छापलं. त्याआधी मान यांनी पिंपळे सौदागरचा अभ्यास केला होता. तेच पिंपळे सौदागर, जिथे आता टॉवर आहेत. मान यांनी कुटुंबांचे गट पाडले ते असे: फक्त जमिनीवर ज्याचं भागतं, जमीन आणि बाहेरची कमाई मिळून ज्याचं भागतं, आणि ज्याचं कशानेच भागत नाही. बघा, शंभर वर्षांपूर्वी या माणसाने ओळखलं होतं की ‘जमीन किती’ या प्रश्नाने कोरडवाहू गावाची हालत कळत नाही. माझ्या आईच्या आणि आजीच्या घरांचा गोंधळ या तीन गटांत ठेवला की सुटतो. मान यांच्यावर टीकाही होते. गोरा साहेब, वसाहतीची नजर, एकेका गावावरून बोलणं. टीका रास्त आहे. तरी वर्गवारी उचला.

पाण्याबद्दल बोलायलाच हवं. दौंड तालुक्यातल्या काही गावांना मुठा उजव्या कालव्याचं पाणी ब्रिटिश काळापासून आहे, कालवा पाटसपर्यंत यायचा. ऊस, गुऱ्हाळं, पुढे पाटसचा भीमा सहकारी साखर कारखाना. शिरूरचा मोठा भाग कोरडा, चासकमानचं पाणी नंतर आलं. आता समजा तुम्ही दाखवलंत की दौंडमध्ये कूळकायद्यानंतर शेतकऱ्यांचं उत्पन्न वाढलं. ते कायद्यामुळे वाढलं की पाण्यामुळे? माझा पहिला मसुदा याच खड्ड्यात पडला होता. दोन्ही तालुक्यांची सरसकट तुलना केली होती. सेमिनारमध्ये मागच्या बाकावरच्या एका एम.ए.च्या मुलीने विचारलं, ‘सर, कालव्याच्या वरच्या अंगाची आणि खालच्या अंगाची गावं वेगळी का नाही काढली?’ एकाच तालुक्यात, एकाच कायद्याखाली, काही मैलांवर, एकाला पाणी आहे आणि एकाला नाही. खरी तुलना तिथे होती. माझं वर्ष वाया गेलं, पण प्रश्न बरोबर होता.

जे घडलं नाही त्याच्याशी तुलना करायची असते, आणि ते तर दिसत नाही, म्हणून जवळचं काहीतरी शोधावं लागतं. पश्चिम बंगालमध्ये डाव्या आघाडीने 1978 पासून ‘ऑपरेशन बर्गा’ चालवलं, बटईदारांची नोंद केली. अभिजित बॅनर्जी, गर्टलर आणि घटक यांनी 2002 च्या निबंधात त्याचा उत्पादकतेवर झालेला परिणाम मोजताना शेजारच्या बांगलादेशशी तुलना केली. पीक तेच, हवामान तेच, कायदा नाही. या तुलनेवर आक्षेप घेता येतात आणि घेतले गेलेत, पण तुलना काय आहे हे वाचणाऱ्याला स्पष्ट दिसतं. सांकारावरच्या मित्राला मी हेच विचारलं: तुझा बांगलादेश कोणता? नायजर? माली? तो गप्प झाला, मग वहीत लिहून घेतलं.

काळाचीही गुंतागुंत असते. 1948 मध्ये गांधीहत्येनंतर पश्चिम महाराष्ट्रात जाळपोळ झाली, बरीच ब्राह्मण कुटुंबं गावं सोडून शहरात गेली. त्यांच्या जमिनी कुळांकडे गेल्या त्या कायद्याने, भीतीने की दोन्हींनी? गावात या विषयावर कोणी सरळ बोलत नाही, फेरफारात तर कारण लिहिलेलंच नसतं. मी अजून यावर एकही ओळ लिहू शकलेलो नाही.

एक परिणाम मात्र आज रस्त्यावर दिसतो. शिरूर किंवा दौंडच्या कुठल्याही गावात जा, वाट्याने किंवा खंडाने दिलेली शेतं भरपूर सापडतील. सातबारा काढा, पीकपाहणीत वहिवाट खुद्द. कागदावर कूळ नाहीच. कारण नाव लागलं की कूळ लागेल ही भीती मालकाच्या मनात सत्तर वर्षांनंतरही पक्की आहे. म्हणून सगळं तोंडी, वर्षावर्षाने, आणि वाटेकरी मुद्दाम बदलत राहायचा. अशा वाटेकऱ्याला पीककर्ज नाही, गारपीट झाली तर भरपाई मालकाच्या खात्यात. आणि यातले बरेच मालक बड्या जमिनीचेही नाहीत, उलट दोन एकरवाला पुण्याला कामाला जातो आणि आपली जमीन वीस एकरवाल्या उसवाल्याला खंडाने देतो. कायद्याने कूळ संपवलं की लपवलं? सरकारी आकडे घेऊन बसलात तर ‘संपवलं’ म्हणाल. बांधावर गेलात तर दुसरं दिसेल.

तसं हे नवीन नाहीये. 1874 च्या डिसेंबरमध्ये शिरूर तालुक्यातल्या करडे गावात एका सावकाराने हुकूमनामा मिळवून एका देशमुखाचं घर उतरवून घेतलं, गावाने सावकारावर बहिष्कार घातला, पुढच्या मे महिन्यात सुप्याला दंगा झाला आणि 1879 मध्ये डेक्कन शेतकरी मदत कायदा आला. कोर्टाला गहाणखताच्या मागचा खरा व्यवहार तपासण्याचा अधिकार मिळाला. मग सावकारांनी गहाणाऐवजी सरळ खरेदीखत लिहून घ्यायला सुरुवात केली. कागद बदलला, व्यवहार तोच.

म्हणून तुम्ही जमीनसुधारणेवर, मग ती आपल्याकडची असो, केरळची असो, चीनची असो, प्रपोजल लिहिणार असाल तर माझी विनंती एवढीच. ‘यशस्वी’ हा शब्द खोडा आणि त्या जागी पूर्ण प्रश्न लिहून बघा. कोणासाठी, कोणत्या मापाने, कोणत्या वर्षापासून कोणत्या वर्षापर्यंत, कशाच्या तुलनेत. वाक्य लांबलचक आणि बेढब होईल. होऊ द्या. गाईड म्हणेल शीर्षक छोटं कर, तर शीर्षक छोटं करा, प्रश्न नको.

आणि माझं मत काय, असं तुम्ही विचारालच. लपवत नाही. शिरूर-दौंडमधल्या माझ्या गावांत, 1957 ला टिकलेल्या कुळांसाठी आणि मालकीच्या मापाने, कायदा बऱ्यापैकी चालला. त्या आधीच्या नऊ वर्षांत तो कुळांना महाग पडला. मजुरांसाठी तो नव्हताच. उत्पन्नाबद्दल मी आज एवढंच म्हणेन की कालव्याच्या खालच्या गावांचा डेटा अजून अर्धा उतरवायचाय.

मित्राचा परवा फोन आला. नवीन प्रपोजलमध्ये त्याने गहू काढून ज्वारी-बाजरी घातलीय, आणि 1984 च्या जागी 1978 ते 1982 ची सरासरी. शिरूरहून दौंडला येतोय म्हणाला, न्हावऱ्यावरून. फेरफार कसे वाचायचे ते बघायचंय त्याला.